भिंतीला तीन भोकं

१२ एप्रिल १९९८, रविवार

आज पुन्हा तेच! दोन खोल्या, मध्ये एक भिंत, आणि मी टपालखातं.

सकाळी वसंतनं पुढच्या खोलीतून हाक मारली — "अगं, त्या शहाण्याला सांग, मागच्या महिन्याचीच पत्रकं छापून ठेवलीत. डोळे गहाण टाकलेत का म्हणावं!" मी फ्लॉपी उचलली, पदर खोचला, मागच्या खोलीत गेले. म्हटलं, "भावजी, मागच्या महिन्याची छापली गेली वाटतं. जरा बघता?" भावजी म्हणाले, "दादाला सांगा, फायलीला धड नाव देता येत नसेल तर धंदा बंद करा आणि सुकी मच्छी विका!" परत पुढच्या खोलीत. म्हटलं, "ते म्हणतायत, फायलीला जरा वेगळं नाव दिलंत तर त्यांना सोपं पडेल." वसंत खूश. "बघ, कळली चूक त्याला."

(वसंत म्हणजे आमचे हे. समोर नाव घ्यायची सोय नाही, वहीत तरी घेते.)

धंदा दोघा भावांचा. कारखान्यांची पगारपत्रकं करून द्यायची. पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर वसंत हजेरी भरतो, हिशेब करतो. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला प्रिंटर आहे, तिथे भास्करभावजी छापतात. तिसरा म्हातारा कॉम्प्युटर माझा — स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी. त्यावर मी लग्नपत्रिका जुळवते, त्याही शेवटी छापायला मागेच जातात. इकडचं तिकडे न्यायचं ते फ्लॉपीनं, आणि फ्लॉपी न्यायची मी. मूलबाळ नाही, त्यामुळे मध्ये धावायला दुसरं कोणीच नाही.

अबोल्याला दीड वर्ष झालं. उंबरगावची माणसं भावजींना बघायला आली होती. मुलगी चांगली, माणसं चांगली, सगळं जमत आलेलं. आणि वसंत चिवड्याची बशी पुढे करत हसत हसत म्हणाला — "आमचा भास्कर गुणी हो! फक्त जरा लहरी. डोक्यात गेलं की महिना-महिना बोलत नाही!" आठवड्यात नकार आला. तेव्हापासून भावजी भावाशी बोलत नाहीत. म्हणजे वसंत खोटं काहीच बोलला नव्हता, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट.

१५ एप्रिल, बुधवार

आदेश आला! खानवेलच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. पंधरा जूनला हजर व्हायचं. डी.एड. करून किती वर्षं झाली ते आता मोजत नाही — कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि डाळ करपली.

वसंत म्हणाला, "वा! वा! पेढे आणतो." चप्पल घालता घालता थांबला. "पण मग फ्लॉपी कोण नेणार?"

मागच्या खोलीत सांगितलं. भावजी उठून उभे राहिले. "वहिनी, अभिनंदन! मनापासून!" मग बसले. "पण दादाला निरोप कोण देणार?"

दीड वर्षात पहिल्यांदाच दोघं एका मतावर आले.

१६ एप्रिल, गुरुवार

पेढे आले नाहीत.

१९ एप्रिल, रविवार

लखन हजेरीचा कागद घेऊन आला होता. नरोलीला कॉम्प्युटर जोडायच्या कारखान्यात असतो, मूळचा नंदुरबारकडचा. त्या कारखान्याची पत्रकं आम्हीच करतो. मी फ्लॉपी घेऊन दारातून गेले, आले, पुन्हा गेले. तो बघतच राहिला. म्हणाला, "वहिनी, हे काय पैदल चाललंय? नेटवर्क टाका ना! एक वायर, बस. इधर से फाइल टाकली की उधर निघते. आणि चिठ्ठी पण पाठवता येते — इकडे लिहिलं की तिकडच्या स्क्रीनवर लगेच उघडते."

मी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे माणसाला जावं लागत नाही?"

"काहीच नाही जावं लागत."

"बोलावंही लागत नाही?"

"बोलायचं काय काम?"

खानवेलची बस मला त्या क्षणी स्टँडवर उभी दिसली.

वस्तू फार लागत नाहीत म्हणे. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड — ती जुन्या मशिनांतली काढलेली लखन स्वस्तात देईल. मधे केबल. आणि केबलच्या दोन्ही टोकांना एक-एक टोपी. टोपी नसली तर काहीच चालत नाही. देवळात जायचं तशातली गत दिसते.

२३ एप्रिल, गुरुवार

घरात नवं काही आणायचं तर सरळ विचारून चालत नाही. वसंतला म्हटलं, "भावजी म्हणतात, असलं नेटवर्क-बिटवर्क दादाला जमायचं नाही." वसंत म्हणाला, "असं म्हणाला? आण ती कार्डं!" मग मागे गेले. "भावजी, हे म्हणतायत की खर्च नको, भास्करला ते पेलणार नाही." भावजींनी पेन खाली ठेवलं. "केबल मी आणतो!"

दोघांपैकी कोणीच काही म्हणालं नव्हतं. पण नसते म्हणाले असंही नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

केबलवरून गोंधळ. लखनचं म्हणणं, कॉम्प्युटरची केबल वेगळी येते, टीव्हीची चालत नाही. ती वापीला मिळते आणि महाग असते. भावजी गेले ते आमच्या गल्लीतल्या केबल टीव्हीवाल्या भावेशकडे. त्याच्याकडे उरलेलं भेंडोळं पडून होतं, त्यानं जवळजवळ फुकटच दिलं. वर सल्लाही दिला. "भाई, केबल एटले केबल! टीवीमां चाले, तो कॉम्प्युटरमां केम नो चाले?"

लखन डोकं खाजवत म्हणाला, "भाऊ, चलेगी तो सही... पर भरोसा नाही." पण आमच्या घरात फुकट वस्तूवर अविश्वास दाखवायची पद्धत नाही. दोन्ही भावांचं त्यावर मत काय ते मी विचारायलाही गेले नाही, दोघं कोकणातलेच.

२६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवला पाहिजे.

पुढची आणि मागची खोली यांच्यामधली भिंत जाड. केबलला भोक पाडायचं. ड्रिल कुणाकडे मागायचं, म्हणून छिन्नी-हातोडा. भिंत जाड म्हणून दोन्ही बाजूंनी फोडत यायचं ठरलं — खरं कारण दुसरंच. वसंत मागच्या खोलीत जाणार नाही आणि भावजी पुढच्या खोलीत येणार नाहीत!

वसंतनं माप घेतलं. "त्याला सांग, उजव्या कोपऱ्यापासून दीड हात, जमिनीपासून एक वीत." मी मनाशी म्हटलं, शैलजा, हे कामाचं आहे, यात साखर घालू नकोस. शब्द न् शब्द तसाच सांगितला. "भावजी, उजव्या कोपऱ्यापासून दीड हात, जमिनीपासून एक वीत."

दोघांनी दुपारभर ठोकलं. सगळं घर सिमेंटनं पांढरं. बायडाबाई भांडी घासायला आली ती डोक्यावर पदर घेऊन दारातच थांबली. ती शिरपूरकडची, नवरा नरोलीला कामाला. म्हणाली, "वहिनी, भूत निंघी का काय भिंतमाईन?"

संध्याकाळी वसंतचं भोक आरपार गेलं. मागच्या खोलीत निघालं ते भावजींच्या कपाटामागे. थोड्या वेळानं भावजींचं आरपार गेलं. ते पुढच्या खोलीत निघालं सोफ्याच्या पाठीशी. मध्ये अख्खी भिंत शाबूत! कारण इकडून जो उजवा कोपरा तो तिकडून डावा — आणि हे सांगायला दोघांपैकी एकाला तरी तोंड उघडावं लागलं असतं.

"त्याला उजवं-डावं कळत नाही!" — पुढची खोली.

"माप देणाऱ्याला अक्कल हवी!" — मागची खोली.

मग दोघंही माझ्याकडे वळले. "तू नीट सांगितलंस का?" "वहिनी, तुम्ही बरोब्बर हेच सांगितलंत?"

हो, बरोब्बर हेच! दीड वर्षात पहिल्यांदाच निरोप जसाच्या तसा पोचवला आणि भिंतीला दोन भोकं पडली.

२७ एप्रिल, सोमवार

सोफ्यामागच्या भोकातून पाल आली. दोघांनीही ती एकमेकाची आहे असं सांगितलं.

३ मे, रविवार

तिसरं भोक. भावजी कपाट हलवेनात, वसंत सोफा हलवेना, म्हणून मधोमध पाडायचं ठरलं. या वेळी मी माप सांगायला साफ नकार दिला. म्हटलं, पुढून ठोका, मागून कान लावा.

वसंतनं भिंतीवर हातोडा वाजवला. ठक. पलीकडे भावजींनी कान लावला, आणि थोड्या अंतरावर वाजवलं. ठक. वसंत सरकला. ठक-ठक. तिकडून ठक-ठक. मी पॅसेजमध्ये उभी राहून ऐकत होते. दोघांचे आवाज हळूहळू एका जागी आले. मला उगाचच भरून आलं. एवढं बोलले दोघं, आणि एकही वाकडा शब्द नाही!

भोक एकदम बरोबर पडलं. संध्याकाळी लखननं कार्डं बसवली. केबल पुढून मागे आणि मागच्या खिडकीतून स्वयंपाकघरात आली. टोप्या त्यानं घरीच डाग देऊन बनवलेल्या. सगळं जोडलं, चालू केलं. तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळख दाखवेनात. लखन म्हणाला, "होतं असं पहिल्यांदा." घरचं वळण लागलंय त्यांना, दुसरं काय.

५ मे, मंगळवार

चालू झालं!! काय झालं होतं ते लखनलाही कळलं नाही. एक कार्ड काढून पुसून परत बसवलं आणि झालं म्हणे.

चिठ्ठीचा प्रकार मोठा गमतीचा. इकडे लिहायचं, पाठवायचं, तिकडे पडद्यावर छोटीशी पाटी उघडते. मराठी लिहायचं पण इंग्रजी अक्षरांत. वसंतनं पहिली पाटी पाठवली — "पोचलं का". तिकडून आली — "हो". मग दोघांनाही काय लिहायचं ते सुचेना.

९ मे, शनिवार

सुख म्हणजे काय ते मला या आठवड्यात कळलं. कोणी हाक मारत नाही! दुपारी जेवून आडवी झाले आणि चक्क झोपले. उठले तर पत्रकं छापून तयार. माझ्याशिवाय!

किलवणी नाक्यावर जाऊन दोन सुती साड्या घेतल्या. शाळेसाठी. फिक्या रंगाच्या, खडू दिसणार नाही अशा. वसंत म्हणाला, "खानवेलची बस सकाळी किती वाजता असते?" म्हणजे चौकशीला सुरुवात झाली. घर चालेल माझ्याशिवाय!

१४ मे, गुरुवार

पुढच्या खोलीत चहा द्यायला गेले तर वसंत लाल. पडद्यावर पाटी — "फायलीला नाव धड दे. गाढवालाही कळेल असं."

"बघ! बघ काय लिहितो मला! इतके दिवस कसा नीट बोलायचा. नाव जरा वेगळं द्या, म्हणायचा. आणि आता हे!"

मी कप ठेवला आणि मनात म्हटलं, वसंतराव, तो पहिल्यापासून असाच बोलतो आहे. फक्त पूर्वी ते गाढव वाटेत माझ्याकडे उतरायचं.

१८ मे, सोमवार

युद्ध. दिवसभर पाट्या. वसंतची बोटं कीबोर्डवर अशी आपटतात की स्वयंपाकघरात ऐकू येतं. मागून लगेच उत्तर.

"छपाई वाकडी."
"डोळे वाकडे."
"धंदा मी उभा केला."
"आणि लग्न मोडलं कोणी."

ही शेवटची पाटी वसंतनं बंदच केली नाही. तशीच उघडी ठेवून बसला. मी म्हटलं, "काहीतरी लिहा." म्हणाला, "काय लिहू?" मग लिहिलं — "तुझ्या तोंडामुळे मोडलं." मी हात धरायला गेले तोवर पाठवलीसुद्धा.

दीड वर्ष हे वाक्य मी भिंतीच्या अलीकडे अडवून धरलं होतं. कितीदा तोंडाशी आलं, कितीदा मी ते गिळून दुसरंच सांगितलं. आणि वायरीला काय, ती सांगते तेच आणि तसंच. फुकटची वायर पण भारी प्रामाणिक!

भावजी जेवायला आले नाहीत.

१९ मे, मंगळवार

भावजी म्हणाले, "वहिनी, मी वापीला खोली बघतो. वेगळा होतो. धंदाही वेगळा."

वसंतला सांगितलं. यात काही घालायला किंवा काढायला जागाच नव्हती. तो म्हणाला, "होऊ दे." आणि तोंड भिंतीकडे करून बसला.

२१ मे, गुरुवार

खानवेल राहू दे. ठरवलं. मी गेले तर घर उरणार नाही. केबल उपटते, फ्लॉपी घेते, पुन्हा फिरते. काय वाईट होतं? पाय दुखायचे, एवढंच ना. साड्या कपाटात ठेवल्या, वरच्या फळीवर.

राग आला तो स्वतःचाच. इतकी वर्षं वाट बघितली आणि दोन घोड्यांच्या भांडणापायी पोरांची शाळा सोडायची! मुलांना अ-आ-इ शिकवायची माझी हौस, आणि नशिबात आलेत हे दोन विद्यार्थी.

२४ मे, रविवार

केबल उपटायला गेले. वसंत म्हणाला, "हात लावू नकोस." भावजींना विचारलं, ते म्हणाले, "राहू दे वहिनी." भांडायला सोयीचं पडतंय दोघांना! मी निरोप नेते म्हटलं तरी देईनात. फ्लॉपी धूळ खात पडली आहे, आणि मीही.

आणखी एक भानगड. अधूनमधून पाटी पोचतच नाही. इकडचा कॉम्प्युटर म्हणतो, "पाठवली," तिकडे काही नाही. लखनला विचारलं, तो म्हणाला, "बोललो होतो ना, टीव्हीची केबल." मी दोघांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. उत्तर आलं नाही की प्रत्येकाला वाटतं दुसरा माजलाय.

५ जून, शुक्रवार

भांडी तशीच ठेवून आधी हे लिहिते.

सकाळी लखनच्या कारखान्याचा माणूस पत्रकं न्यायला आला. पत्रकं नाहीत! उद्या पगार. वसंत म्हणाला, मी काल सकाळीच छाप म्हणून पाटी टाकली, मशीन म्हणालं पाठवली. माणूस म्हणाला, "साहेब, मशीन का बहाना मत दो. वापीत दुसरे आहेत काम करणारे." आणि खुर्चीतून उठला. आमचं सगळ्यात मोठं काम ते. ते गेलं तर दोघांनी वेगळं व्हायचं तरी कशातून?

वसंत उठला. मला वाटलं आता पाटी लिहील. त्याने सोफा बाजूला ढकलला, गुडघ्यावर बसला, आणि त्या वाया गेलेल्या भोकाला तोंड लावून ओरडला — "भास्कर! मुद्दाम छापली नाहीस ना?"

मग भिंतीतून — "मला मिळालीच नाही! आईशपथ मिळाली नाही, दादा!"

दादा!

वसंत तसाच गुडघ्यावर. माणूस दारात उभा. वसंत हळू आवाजात म्हणाला, "खरंच नाही मिळाली?" "नाही रे." मग वसंतनं विचारलं, "किती वेळ लागेल छापायला?" भावजी म्हणाले, "तू कागद लाव, मी सोडतो." आणि वसंत उठून चालत चालत मागच्या खोलीत गेला. पॅसेजमधून, माझ्या वाटेनं!

माणसाला मी चहा दिला, मग आणखी एक दिला. पत्रकं गेली. त्यानंतर मागच्या खोलीचं दार बंद झालं. आतून आवाज येत होते, मोठे, मग बारीक. उंबरगाव हे नाव दोनदा ऐकू आलं. "चुकलं माझं" हेही ऐकू आलं, आणि तो वसंतचा आवाज होता. मी ओट्याशी उभी राहून रडले. साड्या खालच्या फळीवर काढून ठेवल्या.

७ जून, रविवार

दोघं जाऊन वापीहून खरी केबल घेऊन आले. एका स्कूटरवर! दिवसभर जोडाजोड. हसणं-खिदळणं. मी कांदाभजी तळत होते आणि मनात म्हणत होते, नारायणा, दृष्ट नको लागू दे.

मग ऐकू आलं. भावजी म्हणत होते, "पण दादा, तू मध्ये मध्ये चांगलं पण बोलायचास. छपाई छान झाली म्हणायचास."

"मी? मी कधी म्हटलं?"

"वहिनी सांगायच्या ना. आणि माझ्या वाढदिवसाला तू शिरा करायला लावलास—"

"मला तर वाढदिवस लक्षातही नव्हता. आणि तू रे? माझ्या खोकल्याची रोज चौकशी करायचास!"

"तुला खोकला होता?"

तेलात भजी काळी झाली. पुढे बराच वेळ दोघं एकेक आठवून विचारत होते — हे तू म्हणालास? नाही. आणि हे? नाही. हसणं बंद झालं होतं.

८ जून, सोमवार

दोघं माझ्याशी बोलत नाहीत.

११ जून, गुरुवार

स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरवर पाटी उघडते — "चहा". थोड्या वेळानं दुसरी — "मलाही". नवी केबल उत्तम चालते. एक पाटी चुकत नाही.

वसंत एवढंच म्हणाला होता सोमवारी — "दीड वर्ष तू आम्हाला खेळवलंस." भावजी त्याहून कमी बोलले. "वहिनी, निदान शिऱ्याचं तरी खरं असायला हवं होतं."

मला राग आला आहे. भयंकर आला आहे! हो, खोकल्याची चौकशी खोटी होती. पण ती ऐकून वसंतनं देवगडच्या पेटीतले वरचे, चांगले आंबे भावजींच्या खोलीत ठेवायला लावले, ते आंबे काय खोटे होते? छपाईचं कौतुक खोटं होतं. पण दुसऱ्या दिवशी भावजींनी वसंतच्या खुर्चीचा मोडका पाय न सांगता ठोकून दिला. तो पाय अजून टिकून आहे. खऱ्या निरोपांनी काय केलं? तेरा दिवसांत घर मोडायला काढलं!

पण हे कोणाला सांगू? पाटीवर मावायचं नाही. आणि वाईट वाटतंय ते वेगळंच. इतके दिवस दोघांचं सगळं माझ्यातून जायचं. आता दोघं मागच्या खोलीत बोलत बसतात, मी गेले की गप्प होतात. एकटं वाटतं. लिहिलं, झालं.

१४ जून, रविवार

उद्या हजर व्हायचं. दोघांपैकी कोणीही नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. संध्याकाळी मीच मोठ्यानं भिंतीला सांगितलं, "मी उद्या खानवेलला जाते आहे." भिंतीला तीन भोकं आहेत, ऐकू गेलं असणार.

कुजबुज मात्र बरीच चालली होती. बायडाबाईला मागच्या खोलीत बोलावून घेतलं होतं. तिला त्या खोलीत काय काम? मला जायचंय म्हणून दुसरी बाई बघतायत बहुतेक, निरोपाला.

१५ जून, सोमवार

शाळेत बसून लिहिते आहे, मधल्या सुट्टीत. पोरं बाहेर धिंगाणा घालतायत.

सकाळी निघताना मागच्या खोलीतून बायडाबाई आली, हातात डबा. म्हणाली, "वहिनी, त्या दोन्ही भाऊ म्हनतस, तू शे म्हनीसन हाई घर शे. डबा भरेल शे, पोटभर खाय. आनि लवकर ये, म्हनतस, वाट देखतस."

पोळ्या चौकोनी आहेत, एक करपलेली. भाजीत मीठ दोनदा पडलंय, म्हणजे दोघांनीही घातलंय.

तू आहेस म्हणून हे घर आहे — निरोप मात्र जरा जास्तच गोड होता. आमच्या घरातले पुरुष असं बोलत नाहीत. सकाळीच मी बायडाबाईकडे बघितलं होतं. ती माझ्याकडे बघेना. मी काही विचारलं नाही.